आधी मोजा, मग कापा

नमस्कार श्रोतेहो.

पगार झाला की पहिले काही दिवस घर कसं ऐटीत असतं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेच घर कसं दबक्या आवाजात बोलायला लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज त्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलू या. आहे त्याच पैशांत महिना थोडा पुढे कसा रेटायचा, एवढंच. मिळकत कशी वाढवायची ते मात्र मला विचारू नका. ते मला ठाऊक असतं तर या खुर्चीचं स्प्रिंग एव्हाना बदललं गेलं असतं.

मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण एकदा मी गोष्टीत शिरले की मुद्दा बाजूला राहतो हे या कार्यक्रमाच्या जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. मुद्दा असा: आधी मोजा, मग कापा. शिंपी करतो तसं. पुन्हा सांगते, आधी मोजा, मग कापा.

बहुतेक घरांत होतं उलटं. पैसे कमी पडले की हातात कात्री येते आणि ती चालते डोळ्यांसमोर असेल त्यावर. चहात साखर कमी. मुलांचा खाऊ बंद. वर्तमानपत्र बंद. आता वर्तमानपत्र बंद करण्याला माझा विरोध आहे, कारण ते वाचूनही होतं, कपाटात अंथरूनही होतं आणि वर रद्दीचे पैसेही येतात. एवढा उपयोगी दुसरा कागद मला दाखवा. पण ते असो. अशी काटछाट आठ दिवस टिकते. नवव्या दिवशी साखर परत, खाऊ परत, आणि घरात सगळ्यांची तोंडं फुगलेली ती वेगळीच. हातात काही उरत नाही, कारण कापलं ते मुळात फार नव्हतंच. जास्त जातं ते न बोलता जातं. एक, जे दिवसाचे चोवीस तास चालू असतं ते. आणि दुसरं, जे दर महिन्याला आपल्याला न विचारता खात्यातून जातं ते. या दोघांचा आवाज होत नाही. म्हणून ती मोजल्याशिवाय सापडत नाहीत.

आता चोवीस तासांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आत्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आत्याच्या घरी विजेचं बिल वाढत चाललं होतं. एकदम नाही, दर खेपेला थोडं थोडं. आत्याने सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. खोलीतून बाहेर पडलात, दिवा बंद करा. पंखा बंद करा. सुनेने इस्त्री हातात घेतली की आत्या दारात उभी. नातू अंधारात ठेचकाळला. एवढं करून पुढचं बिल आलं ते होतं तेवढंच. काकांचं म्हणणं एकच: "मीटर बिघडलाय. अर्ज कर." काका हे इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे म्हणत की ते आत्याने तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. पण आपण गोष्ट क्रमाने सांगू.

मी तेव्हा सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. एका रात्री जेवणं झाल्यावर आत्याने जाहीर केलं, "आज घरातलं सगळं बंद करायचं. सगळं म्हणजे सगळं." दिवे, पंखे, टीव्ही, इंटरनेटचा डबा, फोनचे चार्जर, गीझर. स्वयंपाकघरातल्या फ्रीजची पिनसुद्धा काढली. सून म्हणाली, "आई, दूध नासेल." आत्या म्हणाली, "दार उघडलं नाहीस तर तीन-चार तास काही होत नाही." आणि हे खरं आहे बरं का, बंद दाराचा फ्रीज वीज गेली तरी साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. सगळं घर काळोखात बुडालं, आणि आत्या हातात बॅटरी घेऊन मीटरपाशी स्टुलावर बसली. कागद-पेन्सिल माझ्याकडे. घड्याळ नातवाकडे.

मीटरवर एक लाल दिवा असतो, लुकलुकणारा. पूर्वी तिथे चकती फिरायची. मला ती चकती फार आवडायची. इस्त्री लावली की कशी पळायची! खर्च डोळ्यांना दिसायचा. आता दिवा लुकलुकतो आणि तिकडे कुणी बघत नाही. पण त्याच मीटरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एका युनिटला तो दिवा किती वेळा लुकलुकतो. आत्याच्या मीटरवर 3200 होतं. तुमच्याकडे वेगळा आकडा असेल, 1000 असेल, 1600 असेल. म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट जळालं. आणि एक युनिट म्हणजे हजार वॉटची वस्तू तासभर चालणं. एवढं कळलं की घरबसल्या हिशेब होतो.

तर घरातलं सगळं बंद. दिव्याने स्वस्थ बसायला हवं. आणि तो लुकलुकला. नातू ओरडला, "आजी, आला!" थोड्या वेळाने परत. मी रेघा ओढत होते. मिनिटाला आठ. सगळं बंद असलेल्या घरात मिनिटाला आठ! काका काळोखातून म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? मीटरच बिघडलाय." आत्या काही बोलली नाही. तशीच बसून राहिली. आणि बराच वेळ गेल्यावर एक गंमत झाली. दिवा थांबला. पूर्ण थांबला. काका लगेच, "आता बघ, बंदही पडला. नक्कीच बिघडलाय." आत्या तरीही हलेना. परत काही वेळाने लुकलुक सुरू. मिनिटाला आठ.

आत्या आमची फार शिकलेली नाही, पण तिचं डोकं फार तल्लख. ती म्हणाली, "हे मीटरचं काम नाही. हे कुणीतरी दमून थांबतंय आणि पुन्हा कामाला लागतंय." मग आपल्याच बोटांवर मोजू लागली. आपलं आपण चालू होतं, आपलं आपण बंद होतं असं घरात काय काय आहे? गीझर, तो बंद आहे. फ्रीज, त्याची पिन काढली आहे. इस्त्री कपाटात. आणि मग ती स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "अहो, आपला जुना फ्रीज कुठे आहे?"

नवा फ्रीज घेतला तेव्हा जुना टाकला नव्हता. 'लागेल कधीतरी' म्हणून जिन्याखालच्या खोलीत ढकलला होता. या 'लागेल कधीतरी'वर मी एक आख्खा कार्यक्रम करणार आहे, कारण माझं स्पष्ट मत आहे की माळ्यावरच्या वस्तू कधीच लागत नाहीत, लागतात त्या नेमक्या आपण कालच देऊन टाकलेल्या असतात. असो. काका म्हणाले, "अगं, तो बंदच आहे कधीपासून. त्या खोलीत आता कशाला जातेस? पाल आहे तिथे." आत्या पुढे, मागे नातू, मग मी, सून, आणि सगळ्यांत मागे काका. बॅटरीच्या उजेडात ती वरात जिन्याखाली पोहोचली. रद्दीचे गठ्ठे, सायकल, फुटकी बादली, आणि कोपऱ्यात तो फ्रीज. घर्रर्र करत होता. रद्दीच्या मागे पिन लावलेली.

आत्याने दार उघडलं. आत एक पाण्याची बाटली. वरच्या कप्प्यात हातभर बर्फ. आणि दारातल्या कप्प्यात, ओळीने नीट लावून ठेवलेली, चॉकलेटं.

डॉक्टरांनी काकांचं गोड बंद केलं होतं, हे सांगायचं राहिलंच.

कुणी काही बोलेना. नातवाने मात्र हिशेब करून टाकला, की आजोबा दुपारी 'जरा रद्दी आवरतो' म्हणून जातात ते कुठे जातात. काका म्हणाले, "उन्हाळ्यात विरघळतात गं." एवढंच म्हणाले.

दिवे लागल्यावर आत्याने मला गणित मांडायला लावलं, तेही काकांसमोर. मिनिटाला 8, म्हणजे तासाला 480. भागिले 3200. म्हणजे तासाला 0.15 युनिट, म्हणजेच 150 वॉट. फ्रीज अर्धा वेळ चालतो, अर्धा वेळ थांबतो, असं धरलं तर दिवसाला 1.8 युनिट. महिन्याला 54. वर्षाला साडेसहाशेच्या वर युनिटं, एक पाण्याची बाटली आणि चॉकलेटं थंड ठेवायला. आत्या म्हणाली, "अहो, एवढी महागाची चॉकलेटं राजानेसुद्धा खाल्ली नसतील." दुसऱ्या दिवशी फ्रीज भंगारात गेला. आणि आत्याने सुनेमागे उभं राहणं सोडलं, हा मला त्यातला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो.

माझी घड्याळाकडे नजर गेली आणि निर्माते काचेतून हात करतायत, तेव्हा आता भरभर.

तुम्हीही एका रात्री मीटरपाशी बसा. घरात कुणाचं उपचाराचं यंत्र चालू असेल तर त्याला अर्थातच हात लावू नका. बाकी बंद करा आणि दिवा बघा. गळक्या नळाचंही तसंच: रात्री झोपताना खाली भांडं ठेवा, सकाळी मापाने मोजा. ते पाणी बघितलं की वायसर बदलायला कुणाला दहादा सांगावं लागत नाही. आधी मोजा, मग कापा.

स्वयंपाकघरात एकच गोष्ट सांगते. पाण्याला उकळी फुटली की आच बारीक करा आणि वर झाकण घाला. उघड्या भांड्यातलं पाणी उकळायला लागलं की आच कितीही मोठी करा, ते आणखी तापत नाही. फक्त वाफ जास्त होते आणि इंधन जास्त जातं. काउंट रम्फर्ड नावाचा शास्त्रज्ञ अठराव्या शतकाच्या अखेरीला हेच कानीकपाळी ओरडत होता. सव्वादोनशे वर्षं झाली, आपण अजून आच मोठी करतोच. कुकरची गोष्ट निराळी, तिथे दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तर शिजतं लवकर. पण शिट्टी व्हायला लागली की तिथेही आच कमीच.

खरेदीला जाताना किंमत बघू नका, किंमत भागिले वजन बघा. मोठा पुडा स्वस्त पडतोच असं नाही. आणि नेहमीचा पुडा त्याच किमतीत हलका झालाय का, हे वर्षातून एकदोनदा तरी मागची बारीक अक्षरं वाचून तपासा. 'एकावर एक फुकट' या पाटीबद्दल मी काही बोलत नाही, कारण बोलायला लागले तर वेळ पुरणार नाही. एवढंच, की जी वस्तू मुळात नको होती ती दोन घरी आणून बचत होत नाही.

फ्रीजमध्ये नवं सामान मागे, जुनं पुढे. दुकानदार तसंच लावतात, आपणही लावावं. मागे गेलेली वाटी थेट वास आल्यावरच भेटते.

आणि आता ते दुसरं, न विचारता खात्यातून जाणारं. गेल्या तीन महिन्यांचं खात्याचं विवरण काढा. छापील काढा, फोनवर बघू नका. फोनवर माणूस नुसतं वर सरकवत राहतो. पेन घ्या आणि दर महिन्याला त्याच रकमेने जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर खूण करा. कुठल्या तरी ॲपची वर्गणी, कुणी न बघणारी वाहिनी, पहिला महिना मोफत म्हणून घेतलेलं काहीतरी. प्रत्येक खुणेसमोर घरातल्या कुणाचं तरी नाव लिहिता आलं पाहिजे, हे वापरतं कोण. नाव लिहिता आलं नाही, ती ओळ बंद.

हिशेब लिहिण्याला लोक कंटाळतात. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची वही छापून काढली, आधीच आखलेली, नुसते आकडे भरायचे. जपानी घरांत अशा वह्या आजही वापरतात. त्या वहीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती हाताने लिहायची. आकडा हाताने लिहिला की तो लक्षात राहतो. तुम्ही साधी वही घ्या, महिनाभर नुसतं लिहा. पहिल्या महिन्यात काही कमी करू नका. नुसतं लिहा. घरात कुणालाही बोलू नका, विशेषतः नवरा-बायकोंनी एकमेकांना बोलू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात खोटं लिहिलं जातं.

शेवटचं, आणि याने महिनाअखेर सगळ्यांत जास्त सुधारते. वर्षातून एकदाच येणारे खर्च एका कागदावर मांडा. विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीची देखभाल, घरपट्टी. हे अचानक येत नाहीत, दरवर्षी ठरल्या महिन्यात येतात, तरी आपण दरवर्षी दचकतो. सगळ्यांची बेरीज करा, बाराने भागा, आणि तेवढी रक्कम पगाराच्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू, असं नाही. शेवटी उरत नाही. पहिल्या दिवशी. बेरीज, बाराने भागाकार, पहिल्या दिवशी दुसऱ्या खात्यात. पहिले एकदोन महिने ओढाताण होईल, कारण काही खर्च मध्येच येऊन ठेपलेला असेल. तेवढ्यापुरतं त्याच खात्यातून असेल तितकं द्या आणि बाकीचं नेहमीसारखं भागवा. वर्षभराने ते खातं आपलं आपण चालायला लागतं.

निर्माते आता उभेच राहिलेत. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.