मोकळी ठेवलेली जागा

[दृश्य : पावसाळी सकाळ, खडकवासला धरणाची भिंत]

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं आणि त्याचं पाणी खडकवासल्यात येऊन पडलं. तिथे ते सामावायला जागा नव्हती. काही तासांत खडकवासलाही फुटलं आणि मुठेचा लोंढा पेठांमध्ये शिरला.

[दृश्य : रात्र, हिंजवडीतली एक सर्व्हर रूम]

त्या दिवशी माणसं गेली, घरं गेली. त्याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण एकाचा भार अचानक दुसऱ्यावर आला तर दुसऱ्याकडे जागा किती, हा प्रश्न या खोलीतही रोज असतो.

समोर चार होस्ट आहेत, म्हणजे मोठे सर्व्हर. प्रत्येकात ५१२ जीबी रॅम आणि प्रत्येकावर साधारण ४०० जीबीच्या व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक, चालू. भार चौघांवर सारखा वाटलेला आहे, स्क्रीन हिरवीगार आहे. बघणाऱ्याला वाटेल, छान चाललंय.

आता एक होस्ट बंद पडला असं धरा. त्याचे ४०० जीबी उरलेल्या तिघांवर येणार, म्हणजे प्रत्येकी सुमारे १३३. बेरीज ५३३. आणि रॅम आहे ५१२.

चारांपैकी एक पडला तरी निभावायचं असेल, तर एकेका होस्टवर ३८४ जीबीच्या वर जाता येत नाही. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायजर, स्वतः जी रॅम खातो ती धरली, तर आणखी कमी.

चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवणारं व्हीएमवेअर कंपनीचं व्हीमोशन २००३ मध्ये आलं. भार आपोआप वाटणारं डीआरएस आणि पडलेल्या होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडे पुन्हा सुरू करणारं एचए, दोन्ही २००६ मध्ये. डीआरएस पूर्वी दर ५ मिनिटांनी हिशोब करायचं, त्याच कंपनीच्या व्हीस्फिअर ७ या आवृत्तीपासून दर मिनिटाला करतं. पण भार सारखा वाटणं वेगळं आणि जागा राखणं वेगळं. राखायचं काम ॲडमिशन कंट्रोलचं; नवी व्हीएम सुरू होऊ द्यायची की नाही, ते हे ठरवतं.

खरी गफलत इथेच होते. ॲडमिशन कंट्रोल मोजतं ते रिझर्वेशन, म्हणजे व्हीएमला हमी दिलेली रॅम; प्रत्यक्ष वापर नव्हे. व्हीएमला रिझर्वेशनच दिलं नसेल, तर २५ टक्के राखूनही ते नव्या व्हीएमना होकार देत राहतं. मग होस्ट पडतो, व्हीएम सुरू होतात, पण रॅम पुरत नाही. रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ढकलणं, म्हणजे स्वॅप, सुरू होतं आणि सगळं गुदमरतं. कागदोपत्री फेलओव्हर (पडलेल्याचं काम दुसऱ्याने उचलणं) झालेला असतो, वापरणाऱ्याची स्क्रीन मात्र फिरतच राहते. म्हणून महत्त्वाच्या व्हीएमना रिझर्वेशन द्यायलाच हवं, आणि प्रत्यक्ष वापराचा आकडा आपण स्वतः पाहायला हवा.

"अरे, एवढी जागा रिकामी दिसतेय. टेस्टिंगच्या दहा व्हीएम बसव ना तिथे."

"सर, ती रिकामी नाहीये. जो होस्ट पडेल, त्याच्या व्हीएमसाठी ठेवलीय."

हे उत्तर दर महिन्याला द्यावं लागतं, आणि ते द्यायला धीर लागतो.

पॅचिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवण्याच्या, रात्री एक होस्ट मुद्दाम रिकामा करतात, तेव्हा राखीव जागा वापरून झालेली असते. त्याच तासाला दुसरा पडला तर? ज्यांना हा धोका परवडत नाही, ते दोन होस्टची जागा राखतात.

[दृश्य : शनिवारी मध्यरात्र, चाचणी]

आता एकेका होस्टवरचा भार ३८४ च्या खाली आणलेला आहे. तिसऱ्या होस्टची वीज ठरवून तोडली जाते. त्याच्यावरच्या व्हीएम एकदम गायब होतात. एचए त्या हलवत नाही, नव्याने सुरू करतं; तेवढी मिनिटं सेवा बंदच. आधी डेटाबेस उठतो, मग ॲप्लिकेशन, शेवटी रिपोर्टचे सर्व्हर. क्रम आधीच लावून ठेवलेला. उरलेल्या तीन होस्टवर रॅमचा आकडा चढत जातो. ४६०. ४८५. ४९८. तिथे थांबतो.