स्टेअरिंगमधला गंजलेला बोल्ट

श्रोतेहो, नमस्कार. स्टेअरिंगचं काम निघालं की नवा भाग बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुना काढताना, एखाद्या गंजून जाम झालेल्या बोल्टपायी. स्टेअरिंगचा दांडा खाली जिथे रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीच्या यंत्रणेला, जोडलेला असतो, तिथला आडवा बोल्ट तर हमखास त्रास देतो. चाकांकडून उडणारं पाणी आणि चिखल वर्षानुवर्षं झेलत असतो बिचारा.

असा बोल्ट सुटेना की हात आपोआप लांब पाइपकडे जातो. पान्यात पाइप अडकवायचा आणि अंगाचा भार टाकायचा. हे आधी थांबवा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि नट-बोल्ट एकमेकांत आवळले जातात. तिथे नुसता जोर लावला तर गंज जागचा हलत नाही, बोल्टच पिळवटतो. आधी गंज फोडायचा, बोल्ट फिरवायचा तो नंतर.

बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासून घ्या. पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटीत झिरपणारं पातळ तेल, मारा आणि जमलं तर रात्रभर मुरू द्या. पाच मिनिटांत ते आत पोचत नाही. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके टोले द्या. त्या हादऱ्याने आतल्या गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट कोपऱ्यांवर घसरतं आणि डोकं गोल करून टाकतं.

पहिला झटका सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने द्या, अगदी किंचित. आता लक्ष हाताकडे. पाना फिरतोय पण मऊ लागतोय, सोडला की मागे येतोय, तर बोल्ट सुटत नाहीये, पिळतोय. तिथेच थांबा, पुन्हा तेल मारा. खरा सुटतो तेव्हा ‘कर्र’ आवाज येतो आणि आट्यांतून तांबूस भुकटी गळते. तरी सरसर काढू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मधे तेल, असं करत आणा. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून तो पुरता निघाल्याशिवाय जॉइंट ओढू नका.

गरम करायचा असेल तर नट तापवा, बोल्ट नको. नट प्रसरण पावून सैल झाला पाहिजे. मात्र बॉल जॉइंट, रबरी बूट, ब्रेकचे होज जवळ असतील तर ज्योत नकोच. तेल मारलेल्या जागी तर ती लावूच नका, भडका उडेल.

एवढं करूनही डोकं तुटलंच, तर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटक्या बोल्टला भोक पाडून त्यात रुतवून उलटा फिरवायचं हत्यार, जपून वापरा. तो आत मोडला तर त्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरत नाही.

दांडा सुटा करण्याआधी चाकं सरळ करा आणि स्टेअरिंग व्हील सीटबेल्टने बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे व्हीलमागची वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटू शकते.

काढलेला बोल्ट परत बसवू नका, कितीही चांगला दिसला तरी. त्याने ताण सोसलाय, कदाचित उष्णताही. कंपनीने सांगितलेला नवा घ्या. डोक्यावर 10.9 हा ताकदीचा दर्जा लिहिलेला असेल तर त्या जागी 8.8 चालणार नाही, तो कमी ताकदीचा असतो. आवळायचा टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, कंपनीच्या मापाप्रमाणे. टाय रॉड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा, उघडला असेल तर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. आणि गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहा. कुठे अडलं किंवा खडखडलं, तर पुन्हा उघडा. नमस्कार.