मांडवाखालचा सायलेन्सर

नमस्कार मंडळी. टेबलावर हा उभा कापलेला डबा दिसतोय ना, तो आधी हातोहात फिरू द्या. कडा ग्राइंडरच्या आहेत, बोट जपा. १५ अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या बागेतल्या ट्रॅक्टरचा हा सायलेन्सर आहे. आत बघा, धूर अडवणारा पत्र्याचा पडदा नाही, जाळी नाही. कोणीतरी सब्बल घालून सगळं फोडून काढलंय. आणि मानेपाशी, जिथे पाइप डब्यात शिरतो तिथे, वेल्डिंगच्या कडेकडेने केसासारखी चीर गेलीय. तिच्याभोवती काजळीचा काळा पंखा पसरलाय. या एका डब्यात आजचा सगळा विषय आहे.

आज बोलायचं ठरलंय ते द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला नवा सायलेन्सर घरच्या घरी कसा बनवायचा यावर. गरज का पडते, हे निफाड-दिंडोरीकडच्या किंवा तासगावच्या माणसाला सांगायला नको. कंपनीचा सायलेन्सर बॉनेटवरून उभा वर जातो. मोकळ्या रानात ते उत्तमच, धूर डोक्यावरून निघून जातो. पण मांडव असतो सहा-सात फुटांवर. उभा पाइप काड्यांत अडकतो, कोवळे शेंडे भाजतात, घडांवर काजळी बसते. म्हणून सायलेन्सर आडवा करून खालून न्यायचा. आता काही ट्रॅक्टर कंपनीतूनच तसे येतात. जुन्यांना आपल्यालाच करावं लागतं.

पण करताना पहिली गोष्ट होते ती ही, टेबलावरची. "नवीन बनवतोच आहोत तर आतलं मोकळं ठेवू, बॅक प्रेशर, म्हणजे धुराला मागे रेटणारा दाब, कमी होईल, ताकद वाढेल." ही समजूत इतकी घट्ट बसलीय की तिच्यावर आज थोडा जास्त वेळ घेणार आहे.

हिशेब करूया. इंजिन साधारण ८६३ सीसीचं, फेरे मिनिटाला २३००. चार स्ट्रोकचं एकच सिलिंडर, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा धूर बाहेर. मिनिटाला ११५० वेळा, सेकंदाला एकोणीस. आता समजा सायलेन्सरमुळे ५० मिलिबारचा सरासरी दाब मागे राहतो. धूर ढकलताना पिस्टनला त्या दाबाविरुद्ध काम करावं लागतं. ५० मिलिबार गुणिले ८६३ सीसी, म्हणजे दर खेपेला साधारण सव्वाचार ज्यूल. त्याला एकोणीसने गुणा, ऐंशी-ब्याऐंशी वॅट येतात. आणि १५ अश्वशक्ती म्हणजे अकरा हजार वॅट. म्हणजे सायलेन्सर मुळापासून उपटून फेकला तरी वाचणार ते शंभरात पाऊण! नोझलची जाळी धुतली आणि ब्लोअरचा, म्हणजे फवारणीच्या पंख्याचा, पट्टा ताणला तर याहून जास्त मिळतं.

शिवाय हे डिझेल आहे. किती डिझेल द्यायचं ते पंप आणि फेरे सांभाळणारा गव्हर्नर ठरवतात. सायलेन्सर मोकळा झाला म्हणून पंप एक थेंबही जास्त सोडत नाही. मग "पिकअप वाढला" असं वाटतं कशामुळे? आवाजामुळे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बाहेरच्या हवेच्या तीन-चारपट दाब असतो. तो एकदम सुटला की धडाका होतो. कान त्याला जोर समजतो.

दुसरी समजूत मोटरसायकलवाल्या पोरांकडून आलीय. पाइपची लांबी "ट्यून" करायची, म्हणजे धुराची लाट परत येऊन पुढचा धूर ओढून घेते. तत्त्व खोटं नाही. पण आपल्या फेऱ्यांना ते बसवून बघा. चारशे अंश तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५२० मीटर जातो. व्हॉल्व्ह उघडल्यापासून पिस्टन वर पोहोचेपर्यंत २३०० फेऱ्यांना साधारण सतरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात लाट जाऊन परत यायला पाइप हवा चार मीटरहून लांब. आख्खा ट्रॅक्टर तेवढा नाही! तेव्हा लांबीचा नाद सोडा. पाइप जागेप्रमाणे ठेवा.

तिसरी गोष्ट कानांची. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं डोकं डब्यापासून जेमतेम दीड मीटरवर असतं. कामाच्या जागेसाठीचा अमेरिकी संशोधन संस्थेचा दंडक असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९७ ला अर्धा तास. छाटणीनंतर फवारण्यांच्या दिवसांत माणूस अर्ध्या तासात उतरतो का? गेलेले कान परत येत नाहीत. आणि शांत ट्रॅक्टरवर ब्लोअरचं बेअरिंग कुरकुरायला लागलं की ऐकू येतं. फोडलेल्या सायलेन्सरवर ते तुटल्यावरच कळतं.

जाता जाता शब्दाचं सांगतो. आपण सायलेन्सर म्हणतो तो इंग्रजांचा शब्द. अमेरिकेत यालाच मफलर म्हणतात, जो आपण थंडीत गळ्याला गुंडाळतो. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे त्यांच्याच कंपनीने इंजिनांचे मफलर बनवले. युक्ती एकच, उसळलेल्या वायूला एकदम बाहेर सोडायचं नाही, आधी पसरायला जागा द्यायची. जागा हा शब्द लक्षात ठेवा, कारण डब्याचं माप त्यावरूनच निघतं.

(संयोजकांनी घड्याळ दाखवलं आहे. वीस मिनिटं राहिलीत आणि बनवायचं अजून सगळंच बाकी आहे. वहीत उतरवत चला.)

डबा. आतली जागा इंजिनाच्या सीसीच्या निदान सहा-सात पट हवी. १५० मिमी व्यास, ३५० मिमी लांबी, म्हणजे सव्वासहा लिटरच्या आसपास, सातपट. पत्रा १६ गेजचा, दोन्ही झाकणं १४ गेजची. पट्टी कापताना १५० गुणिले पाय (π) करून ४७१ मिमी कापू नका. आधी व्यासातून पत्र्याची जाडी वजा करा, मग गुणा, ४६६ मिमी येते. नाहीतर झाकण डब्यात खुळखुळतं आणि वेल्डर ती फट रॉडने भरत बसतो.

आत एक पडदा, बरोबर मधोमध नव्हे, २०० आणि १५० मिमीवर. कप्पे सारख्या लांबीचे असले तर जो सूर एकातून निसटतो तोच दुसऱ्यातूनही निसटतो. आत येणारी नळी टोकाला बंद, अंगावर भोकं. भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या दुप्पट धरा. ३८ मिमी नळीला, आतून ३५ भरते तिला, ५ मिमीची शंभर भोकं. एका वेढ्याला दहा, असे दहा वेढे, १२ मिमी अंतरावर. ३ मिमीची पाडू नका, डिझेलच्या काजळीने ती बुजतात. पडद्यातून पुढे नेणारी नळी बाजूला सरकवून लावा, म्हणजे धुराला वळसा पडतो. काचेची लोकर भरू नका. काजळी आणि ऑइल पिऊन ती गोळा होते, आणि इंजिन ऑइल खात असेल तर पेटते.

डब्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिमीचं एक भोक. हे विसरतात म्हणून सायलेन्सर दोन वर्षांत सडतो. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असताना ते वाफ होऊन जातं. पण गोठ्यातून बागेपर्यंत पाच मिनिटं चालवून बंद केलं, की ते डब्यातच साचतं.

पाइप. बाजारात चटकन मिळतो तो पाण्याचा, जस्त चढवलेला जीआय पाइप. तो घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. काळा सव्वा इंची पाइप चालतो, पण तो मीटरला तीन किलोच्या वर भरतो. ३८ मिमीची, १.६ मिमी जाडीची ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून जोड वेल्ड केलेली) नळी मीटरला दीड किलोच्या आत. फरक वजनाचा आहे, आणि टेबलावरची चीर वजनाचीच आहे.

बेंड शक्यतो तयार घ्या, लांब त्रिज्येचे. वाळू भरून तापवून वाकवणार असाल तर वाळू आधी भट्टीवर कोरडी करा. ओल्या वाळूची वाफ झाली की टोकाचं लाकडी बूच गोळीसारखं सुटतं. एका ९० ऐवजी दोन ४५ बरे.

फ्लँज, म्हणजे पाइप इंजिनाला बोल्टने जोडणारी चपटी कड, ८ ते १० मिमी पट्टीचा. तो मोकळा ठेवून वेल्ड केला तर केळ्यासारखा वाकतो आणि गॅस्केट महिन्यात फुंकतं. जाड प्लेटवर नट-बोल्टने आवळून वेल्ड करा, थंड होईपर्यंत सोडू नका, मग काचेवर शाई लावून घासून बघा. चारही बाजूंना शाई लागेपर्यंत कानस मारा.

सगळं ट्रॅक्टरवर ठेवून फक्त चार टॅक, म्हणजे वेल्डिंगचे कच्चे टिपके, मारा, तेही बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून आणि डिझेलच्या नळ्यांवर ओलं गोणपाट टाकून. पक्कं वेल्डिंग खाली, टेबलावर. साध्या मशीनवर २.५ चा रॉड १.६ च्या नळीला भोकं पाडतो. २ मिमीचा रॉड, पन्नास अँपिअरच्या आसपास, तुकड्या-तुकड्याने.

आता आधार, आणि इथे घाई करू नका. चार किलोचा डबा नुसत्या दोन स्टडवर लोंबकळत ठेवला की एका सिलिंडरचं इंजिन त्याला हलवून हलवून मान तोडतं. आधाराची पट्टी इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला लावा, मडगार्डला किंवा फूटबोर्डला नाही. इंजिन एका तालात हलतं, मडगार्ड दुसऱ्या, आणि मधला पाइप त्यांच्या भांडणात मरतो. पण पट्टी जखडूनही टाकू नका. एक मीटर लोखंडी पाइप साडेतीनशे अंश तापला की चार मिमी लांबतो. शेवटच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवा, ९ बाय १८ मिमी.

पाइप कुठून न्यायचा? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे डिझेलच्या नळीपासून ३५ मिमीच्या आत एक्झॉस्ट पाइप असता कामा नये. मी तर दुप्पट धरा म्हणेन. तोंड खाली नको, डावीकडे नको, मागे किंवा उजवीकडे हवं. खाली सोडलं तर वाळलेली पानं आणि छाटणीची काडी पेटू शकते, शिवाय धूळ उडून घडांवर बसते. तोंडासमोर ब्लोअरचा पंखा नको, तो धूर ओढून औषधाबरोबर वेलीवर मारतो. ठिबकची नळी तारेवर टांगलेली असते, ती सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते. आणि बागेत धुरळलेलं गंधक असतं. ते ११५ अंशांना वितळतं आणि अडीचशेच्या आत पेटतं. म्हणून डब्यावर वीस मिमी हवेची जागा सोडून पत्र्याचं आवरण लावा, आणि डस्टिंगनंतर थंड डबा हवेने झाडून घ्या.

मोजणी. फ्लँजपासून दीडशे मिमीवर, बेंडपासून दूर, एक छोटा सॉकेट वेल्ड करा. त्याला मीटरभर तांब्याची नळी, आणि पुढे गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पारदर्शक नळी, यू आकारात, पाणी घालून. एका सिलिंडरचं इंजिन आहे, पाणी नाचणार, म्हणून तांब्याच्या नळीत १ मिमी भोकाचं बूच बसवा. उघड्यावर, पीटीओवर (ट्रॅक्टरची अवजारं फिरवणाऱ्या दांड्यावर) ब्लोअर चालू ठेवून, दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचा. ५० मिलिबार म्हणजे ५१० मिमी. जुना सायलेन्सर काढायच्या आधीही याच पद्धतीने मोजून ठेवा. नव्याचा आकडा त्याहून बराच जास्त आला तर भोकं कमी पडलीत किंवा मधली नळी पडद्याजवळ दबलीय. इंजिनाच्या पुस्तिकेत कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या आत राहा. मोजून झालं की सॉकेटला प्लग मारा.

पहिल्यांदा चालू केल्यावर रंग धुरावेल, तो वीस मिनिटं मंद चालवून भाजू द्या. मग तास-दोन तास काम करा आणि बंद करा. फ्लँजचे नट तापलेले असताना आवळू नका, स्टड पिळून तुटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, गॅस्केटभोवती पांढरं फडकं फिरवा. फडकं काळं झालं तिथून धूर गळतोय. नट पाव-पाव फेरा, आलटून पालटून आवळा, आणि परत फडकं फिरवून बघा.