अळीच्या पोटातली साक्ष

नमस्कार श्रोतेहो. जेवायला बसला असाल तर पाच मिनिटं रेडिओ बंद ठेवा, रागावणार नाही. आज बोलायचंय अळ्यांविषयी, आणि त्याही मृतदेहावरच्या.

विषबाधेचा संशय आला की शवविच्छेदनात व्हिसेरा राखून ठेवतात, हे आपण पेपरात वाचतो. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बरण्यांत भरून, सील करून प्रयोगशाळेत जातात. पण प्रेत दोन-तीन आठवडे रानात पडलेलं असेल तर? बरणीत भरायला काही उरलेलंच नसतं. उरतात हाडं आणि अळ्या. मग अळ्याच तपासायच्या. मेलेल्याच्या अंगातलं औषध खाता खाता त्यांच्या अंगात उतरलेलं असतं.

1980 साली अमेरिकेत असं एक प्रकरण प्रसिद्ध झालं. 22 वर्षांच्या तरुणीचा जवळजवळ सांगाडाच हाती आला होता. अळ्या तपासल्या, तर त्यांत फेनोबार्बिटल सापडलं, म्हणजे फिट येऊ नये म्हणून देतात ते गुंगीचं औषध. करायचं काय, तर अळ्या आधी धुवायच्या, बाहेरून चिकटलेलं हिशेबात येऊ नये म्हणून. मग त्या वाटायच्या, अगदी चटणीसारख्या. (तरी मी सांगितलं होतं, रेडिओ बंद करा!) पुढचं काम यंत्राचं.

खरी गंमत पुढे आहे. अळीच्या वाढीवरून मृत्यू कधी झाला हे सांगतात. अळी म्हणजे एक घड्याळच. वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनजवळच्या पाइनच्या रानात एका तरुणीचं प्रेत सापडलं. बहुतेक अळ्या 6 ते 9 मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण आठवडाभराच्या. पण एक सापडली 17.7 मिलिमीटरची! तिच्या हिशेबानं मृत्यूला तीन आठवडे झालेले. आता खरं कुणाचं? उलगडा झाला तो ही अळी नाकातली होती म्हणून. बाईनं मरण्यापूर्वी कोकेन ओढलं होतं. जिथं कोकेन जास्त, तिथली अळी झपाट्यानं वाढली. हवाईत कीटकतज्ज्ञ ली गॉफ यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांतही कोकेनमुळे अळ्यांची वाढ अशीच वेगानं झाली होती. म्हणजे साक्षीदार खरं बोलत होता, घड्याळ मात्र पुढे पळत होतं.

याच्या उलटही होतं. आपल्याकडे शेतकऱ्यांना मॅलॅथिऑन हे कीटकनाशक नवं नाही. होनोलुलूत ते पिऊन मेलेल्या एका माणसाच्या प्रेतावर माश्यांनी अंडी घालायलाच उशीर केला होता. साहजिकच आहे, औषध माश्यांच्याच जातीवर उठलेलं! नुसत्या अळ्या मोजून दिवस सांगितले असते तर कमी भरले असते.

एक मात्र अळी सांगत नाही: किती घेतलं ते. खाणं थांबवून कोशात जायला निघाली की ती अंगातलं औषध बाहेर टाकू लागते. म्हणून खात असलेल्या अळ्या उचलून लगेच थंडीत ठेवायच्या. मोजमापासाठी काही गरम पाण्यात मारायच्या. आणि थोड्या जिवंत ठेवून यकृताच्या तुकड्यावर वाढवायच्या, कोशातून माशी बाहेर पडेपर्यंत. तिची जात कळायला तेवढे दिवस तपास अधिकाऱ्यालाही थांबावं लागतं.