त्याच्यासाठी दिलेला जबाब

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांमध्ये एक कथा दर दोन-चार महिन्यांनी कपडे बदलून परत येते. घोडबंदर रोडवरच्या स्टुडिओंत मालिकांचे सेट उभे असतातच, तेव्हा आपणही कथा ठाण्यातच घडवू. ती कळव्याची, वाशीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तो ऐरोलीचा. त्याने तिच्या नावावर सिम घेतलं, तिच्या खात्यातून पैसे फिरवले आणि एका रात्री धंद्यातल्या भागीदाराचा खून केला. पोलिसांना ती सांगते, "रात्रभर माझ्याकडेच होता." मग इन्स्पेक्टर टेबलावर दुसऱ्या मुलीबरोबरचा त्याचा फोटो टाकतात. ती कोसळते, सगळं कबूल करते, भाग संपतो.

या भागाची आज जरा चिरफाड करू.

तिला जाळ्यात ओढण्याचं काम मालिका एका गाण्यात उरकते. खरं तर सगळा गुन्हा तिथेच शिजतो. असा माणूस आधी देतो, मागत नाही. स्टेशनवर घ्यायला येतो, आईच्या औषधांचं बिल परस्पर भरतो. मग एक साधीशी अट येते: "घरी इतक्यात सांगू नकोस, ताईचं लग्न होऊ दे." पहिलं खोटं ती पोलिसांशी बोलत नाही, आईशी बोलते. पाठोपाठ मैत्रीण तुटते, कारण "तिला आपलं बरं बघवत नाही." त्यानंतर सिम: "माझं केवायसी अडकलंय, दोन दिवसांपुरतं." मग खातं: "माझा सिबिल खराब आहे, पैसे तुझ्याकडे येऊ देत, तू मला पुढे पाठव." आणि शेवटी, काही बिनसलं की, "आता तूही यात आहेस."

इथवर आलेली बाई फोटो बघून फुटेल हे मला पटत नाही. ती म्हणेल, फोटो जुना आहे, नाहीतर ती त्याची चुलतबहीण आहे. कारण तोवर ती त्याला सांभाळत नसते, त्याच्यावर विश्वास टाकण्याचा स्वतःचा निर्णय सांभाळत असते. तो खोटा मानला तर मागचं सगळं वर्ष खोटं ठरतं.

आता ती कोसळली असं धरून चालू. तिने पोलीस ठाण्यात, साहेबांसमोर, रडत दिलेल्या कबुलीची कोर्टात किंमत काय? ती आरोपी असेल तर शून्य. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. अपवाद एकच. तिच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, म्हणजे "त्याचा शर्ट मी पोटमाळ्यावरच्या पिंपात ठेवलाय" असं ती म्हणाली आणि पंचांसमक्ष तो तिथेच मिळाला, तर त्या वस्तूपुरतं विधान चालतं. त्यामुळे तपासी अंमलदाराचं लक्ष रडण्यापेक्षा पिंपाकडे असतं. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण आता सक्तीचं आहे. पंच पुढे फितूर झाले तरी ते चित्रण राहतं.

कबुली टिकवायची तर मॅजिस्ट्रेटपुढे, नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या कायद्याच्या, कलम १८३ खाली नोंदवावी लागते. "कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल," हे मॅजिस्ट्रेट आधी समजावतात आणि साधारणपणे विचाराला वेळ देतात. ऐन वेळी ती "नाही द्यायची" म्हणाली, तर त्या नकारावरून तिला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. एवढा नाट्यमय प्रसंग लेखक मंडळी का सोडून देतात, कळत नाही.

आणखी एक. मालिकेत तिला रात्री दोन वाजता उचलून आणतात. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगीही. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर ती राहते तिथेच करावी लागते. पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती तिच्यावर नाही.

"माझ्याकडेच होता" हे वाक्य मोडतं ते कागदावर. कॉलचा तपशील कंपन्यांना किमान दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. पण टॉवर लोकेशन म्हणजे घराचा पत्ता नव्हे. खाडीकाठी तर मधे अडथळा नसल्यामुळे ऐरोलीतला फोन पलीकडचा मुलुंडच्या बाजूचा टॉवरही धरू शकतो. आपल्या लेखकांचा आवडता पुरावा टोलची पावती. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंडसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ आहे. तेव्हा त्या रात्री त्याची कार ऐरोली पुलावरून गेली हे दाखवायला आता सीसीटीव्हीच शोधावा लागेल, आणि तोही लवकर, कारण रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं.

प्रेमापोटी केलं, हा बचाव कायद्यात नाही. खुन्याला आसरा देणं हा न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या, कलम २४९ खाली गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. प्रेयसीला नाही, आणि अनेकांना धक्का बसतो, पण आईलाही नाही. शर्ट लपवला तर कलम २३८, खुनाच्या प्रकरणात सात वर्षांपर्यंत, आणि तिथे नवरा-बायकोलाही सूट नाही.

म्हणूनच काही भागांत तो घाईघाईने तिच्याशी लग्न करतो, म्हणजे ती साक्षच देऊ शकणार नाही. हा निव्वळ गैरसमज. बायको साक्ष देऊ शकते. संरक्षण आहे ते लग्नानंतर एकमेकांत झालेल्या बोलण्याला. लग्नाआधी तो जे बोलला ते उघडं, आणि तिने डोळ्यांनी जे पाहिलं तेही उघडं. शिवाय रजिस्टर लग्न म्हणाल, तर विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं. तोवर रिमांड संपून जाईल.

तिला बाहेर पडायला वाटा आहेत. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तिची सही नसते, तो शपथेवरचा नसतो. तिथे खोटं बोललं असेल तर कोर्टात उभं राहण्याआधी खरं सांगता येतं. शपथेवर तेच खोटं रेटलं, तर खोट्या साक्षीची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. ती स्वतः गुन्ह्यात ओढली गेली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली माफीचा साक्षीदार होण्याचा मार्ग आहे. मात्र काहीही हातचं न राखता सांगावं लागतं, नाहीतर माफी जाते आणि खटला चालतो. तिच्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर पाहता येतं आणि नको ते तिथेच कळवता येतं. तिच्या खात्यातून फिरलेले पैसे कुणाच्या फसवणुकीचे निघाले, तर बँक खातं गोठवते. पगारही त्यातच अडकतो.

वकिलाबद्दल एकच सांगतो. भागात त्याचा वकील येतो आणि "मी दोघांचं बघतो" म्हणतो. तो तिने घेऊ नये. तिने तोंड बंद ठेवण्यात प्रियकराचा फायदा आहे आणि खरं बोलण्यात तिचा, एक वकील दोन्ही कसं सांभाळणार? बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्याखाली वकील मोफत मिळतो. कोर्ट नाक्यावर ठाणे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन लावायचा. नमस्कार.