टक्!

(दृश्य: दोन बोटांत लाल वीट. ती दुसरीवर दाबली जाते. टक्.)

हा आवाज ऐकलात? लेगो या खेळण्यांच्या कंपनीची 1958 सालची प्लास्टिकची वीट आजच्या विटेवर अशीच घट्ट बसते. ओढली तर पोराच्या हातानेही निघते, एरवी हलत नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या विटा वनस्पतींपासूनच बनत. सेल्युलोज अ‍ॅसिटेट, म्हणजे मुळात लाकडातला नाहीतर कापसातला सेल्युलोज. पण कालांतराने त्या वाकायच्या, रंग उडायचा. म्हणून 1963 मध्ये एबीएस प्लास्टिक आलं, खनिज तेलातून निघालेलं. आता ते सोडायचं म्हणतात, तर सुटता सुटत नाही.

(दृश्य: खेळण्यातलं हिरवं झुडूप.)

2018 मध्ये कंपनीने झाडं, पानं, झुडपं उसाच्या इथेनॉलपासून केलेल्या पॉलिइथिलीनची बनवायला घेतली. रेणू तोच, तेलातून काढा नाहीतर उसातून. त्यामुळे यंत्रांची कुरकुर नाही. हे प्लास्टिक मातीत कुजत मात्र नाही. 'उसापासून' हा शब्द वाचून आपण उगाच तसं धरून चालतो. आणि पॉलिइथिलीन पडलं मऊ. पानाला चालतं, विटेला नाही.

(दृश्य: चुरलेल्या बाटल्यांचे पारदर्शक कण.)

मग 2021 मध्ये जुन्या बाटल्यांच्या 'पेट' (PET) प्लास्टिकपासून नमुन्याची वीट तयार झाली. कौतुक झालं. इथे जरा दाण्यांकडे बघा. पेट हवेतला ओलावा शोषतं, आणि ओला दाणा वितळवला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. म्हणून आधी साधारण 160 अंशांवर काही तास वाळवायचं. त्यात मजबुतीसाठी वेगळी द्रव्यं मिसळायची, यंत्रं बदलायची. 2023 मध्ये कंपनीने हा नाद सोडला. सगळा हिशेब मांडल्यावर कार्बन उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढत होतं! टाळ्या थांबल्यावर असं कबूल करणारे कारखानदार थोडेच.

(दृश्य: पाइपांचं जाळं.)

आता वाट वेगळी आहे. वापरलेलं खाद्यतेल खनिज तेलाच्याच प्रवाहात सोडायचं, एकाच पाइपातून दोन्ही जाऊ द्यायची आणि कोणत्या मालाच्या नावावर खाद्यतेलाचा किती अंश लिहायचा ते हिशेबाने ठरवायचं. एबीएस तेच, साचाही तोच. कच्चा माल तेवढा महाग.

(दृश्य: पुन्हा तीच लाल वीट, अगदी जवळून.)

या एका विटेत खाद्यतेलाचा अंश किती उतरला? वीट बघून कळत नाही. ते वहीत लिहिलेलं असतं.

(टक्.)