फळ्यावरची एक ओळ

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक लहानसा काळा फळा आहे. शाळेच्या परिपाठात रोज सुविचार असतो, तसा घरातही असावा असं वाटून मी तो दोन वर्षांपूर्वी आणला. रोज सकाळी डबे भरायच्या आधी खडूने एक ओळ लिहायची. 'वेळेचे महत्त्व जाणा.' 'नेहमी खरे बोलावे.' मुलगी तेव्हा सातवीत होती, मुलगा चौथीत. पहिला आठवडा दोघांनी वाचलं. पुढे मला ताप आला, तीच ओळ सहा दिवस तशीच राहिली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं. मुलांचा राग आला नाही, आपलंच कुठेतरी चुकतंय असं वाटत राहिलं.

तेव्हा आजोळची तिन्हीसांज आठवली. देवापाशी दिवा लागला की आम्ही भावंडं ओळीने बसायचो. शुभंकरोती, मग पाढे, पावकी-निमकीसुद्धा, आणि शेवटी मनाचे श्लोक. याला परवचा म्हणत. समर्थांचे हे श्लोक २०५, आम्ही रोज पाच-सहा म्हणायचो. आजी भाजी निवडता निवडता आमच्याबरोबर म्हणायची. बारा अक्षरांचा चरण, एका दमात पुरा होतो, म्हणून लहान मुलालाही झेपतो. पण त्यातली मोठी गोष्ट मला इतक्या वर्षांनी उमगली. समर्थ तिथे 'मुला' म्हणत नाहीत, 'मना' म्हणतात. म्हणणारा प्रत्येक जण आपल्याच मनाची समजूत घालत असतो. आजी स्वतःच्या मनाला सांगत होती, आणि तिच्या शेजारी बसून आम्ही आमच्या मनाला. माझ्या फळ्यावरचं मात्र सगळं मुलांनीच करायचं होतं.

त्याच सुमारास, वयाच्या ४१ व्या वर्षी, मी स्कूटर शिकत होते. एका रविवारी सोसायटीच्या फाटकाशी वळताना पडले. कोपर सोललं, आणि धीर तर पारच खचला. मुलगी हळद लावत होती. माझ्या तोंडून आजीचं वाक्य निघालं, अगदी पुटपुटल्यासारखं, 'थापता थापता भाकरी गोल होते.' मी पहिल्यांदा भाकरी थापायला बसले तेव्हा आजी हे म्हणाली होती. ज्वारीचं पीठ जुनं होतं, विरी गेलेली, काठ सारखे चिरत होते, आणि मी रडकुंडीला आले होते. तिने परात माझ्यासमोरून उचलली नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर मुलीच्या अक्षरात तीच ओळ होती. खाली लिहिलं होतं, 'आई, आज परत स्कूटर.'

श्रोतेहो, मी त्या फळ्यापुढे किती वेळ उभी राहिले ते मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ज्याला त्या दिवशी धीर हवा असेल, तो स्वतःसाठी लिहितो. बाकीचे वाचतात. काही दिवस फळा कोरा राहतो, तोही चालतो. ओढूनताणून लिहिलेली ओळ मुलांना लगेच ओळखू येते. एकदा यांनी लिहिलं, 'आज ऑफिसात शांत राहायचं.' संध्याकाळी हे चपला काढतायत तोवर मुलाने विचारलं, 'बाबा, राहिलास का शांत?' यांनी खरं ते सांगितलं, की दुपारपर्यंत राहिलो, नंतर नाही जमलं. मुलगा म्हणाला, 'मग उद्या परत लिही.' नेहमी खरे बोलावे, ही ओळ मी आठवडाभर लिहिली असती तरी त्या दोघांमध्ये एवढं खरं बोलणं झालं नसतं.

आज सकाळी फळ्यावर मुलाचं अक्षर होतं. 'आज तलावात खोल बाजूला.' गेले तीन आठवडे तो उथळ पाण्यातच पोहतोय. त्याची शिकवणी साडेपाचला सुटते. इथून निघाले की मी स्कूटरवरून थेट तलावावरच जाणार आहे.

नमस्कार.